उंबराचं फूल

बोटॅनिकल गार्डनमधल्या फॅमिली प्रोग्रामला शिकवणाऱ्या ताईने उंबराचं एक हिरवट फळ नखाने मधोमध फोडलं आणि म्हणाली, आता दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मोठ्यांनीपण. आम्ही पालक मंडळी सवयीप्रमाणे मागे उभे होतो, कुणाच्या खांद्याला पोरांची पाण्याची बाटली, कुणाच्या हातात मोबाईल, तर ती म्हणाली, "तुम्ही मागे राहिलात तर मुलं सारखी तुमच्याकडे वळून बघत राहतात हो, खालीच बसा ना सगळे." मग आम्ही बसलो खाली, मातीत, गुडघे टेकून. प्रत्येकाच्या हातात एक छोटं भिंग दिलं होतं, दहा पट मोठं दाखवणारं, आणि ते कसं धरायचं हे आधी शिकवलं होतं, म्हणजे भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि मग वस्तू हळूहळू डोळ्याकडे आणायची. इतकी वर्षं मी भिंग वस्तूवर धरून लांबूनच बघत आले होते.

फळ जवळ आणलं आणि एकदम स्पष्ट दिसलं. आतल्या भिंतीला दाटीवाटीने चिकटलेली इवली इवली फुलं, शेकडो, एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडं आतल्या पोकळीकडे. ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो ती खरंतर फुलांनी आतून भरलेली एक बंद पिशवी आहे. आपण इतक्या सहज म्हणतो ना, काय रे किती दिवसांनी, उंबराचं फूल झालास अगदी, आणि ते फूल आयुष्यभर आपल्या पायाखाली पडलेल्या फळात होतं. माझं वय बेचाळीस आणि माझ्या लेकीचं सात, आणि आम्ही दोघींनी ते एकाच सकाळी, एकाच क्षणी पहिल्यांदा पाहिलं. मला हे लिहावंसं वाटतंय ते ह्या एका गोष्टीमुळेच.

फुलांच्या मधे काहीतरी हललं. चिलटाएवढं, काळसर, पंख असलेलं. शेजारचा एक मुलगा ओरडला, "ई, किडका आहे!" ताई हसली नाही की रागावलीही नाही, म्हणाली, ही कीड नाहीये, ही इथली राहणारी आहे. गांधीलमाशीच्या कुळातली आहे पण एवढीशीच असते, आणि उंबराच्या फुलांचं परागीभवन हीच करते, दुसरं कोणी करत नाही. फळाच्या टोकाला एक बारीक दार असतं, त्याच्यावर खवले असे घट्ट बसलेले असतात की आत शिरता शिरता मादीचे पंख तुटतात, बऱ्याचदा मिशाही तुटतात. आत जाऊन ती दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते.

माझ्या लेकीने विचारलं, "मग पंख नसले तर ती बाहेर कशी येते?"

"ती येत नाही बाहेर," ताई म्हणाली.

लेक गप्प झाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "आई, मग तिच्या बाळांना बाहेर कोण काढतं?"

मला माहीत नव्हतं. आणि आपण पालक अशा वेळी काय करतो हे मला चांगलंच माहीत आहे, काहीतरी जुळवून सांगतो, किंवा "घरी गेल्यावर बघू" म्हणतो आणि घरी गेल्यावर कोणीच बघत नाही. पण तिथे मातीत बसलेली असताना तोंडातून खरं तेच निघालं, "माहीत नाही गं मला." ताईने हे ऐकलं होतं, तरी ती उत्तर द्यायला आली नाही, हे मला फार आवडलं. तिने खाली पडलेलं एक पिकलेलं लाल फळ उचलून आमच्या दोघींच्या मधे ठेवलं आणि दुसऱ्या मुलांकडे गेली. आम्ही ते भिंगाखाली फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, आणि टोकाच्या त्या दाराजवळ एक भोक सापडलं, सुईने पाडावं तसं गोल. कोणीतरी आतून कोरलेलं. मग ताई परत आली आणि मग सांगितलं की नर आधी जन्मतात, त्यांना पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला बोगदा कोरतात आणि मरतात, आणि माद्या अंगाला पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडून दुसरं उंबर शोधायला जातात. वड, पिंपळ, अंजीर, उंबर ह्या सगळ्या कुळात साडेसातशेहून जास्त प्रजाती आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची स्वतःची अशी एखादी चिलटाएवढी सोबतीण आहे, आणि हे नातं सहा कोटी वर्षांहून जुनं आहे. हे सगळं मी कुठेही वाचू शकले असते. पण ते भोक आधी आम्हाला सापडलं होतं, म्हणून ते आमचं झालं.

बोटॅनिकल गार्डनमधल्या अशा फॅमिली प्रोग्रामला आम्ही गेले वर्षभर जातोय, मी, लेक आणि माझी आई. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी एकदा गेलो होतो, नाव नाही घेत, तिथे मुलांच्या हातात एक छापील शीट दिली, बारा झाडं शोधा आणि टिक करा, आधी संपवेल त्याला मेडल. मुलं जी धावली! झाडापर्यंत जायचं, पाटीवरचं नाव वाचायचं, टिक, पुढे. माझी लेक चौथी आली आणि घरी येईपर्यंत रडत होती, आणि मी विचारलं काय काय पाहिलं तर तिला एकही झाड आठवत नव्हतं, पाट्यांचा रंग आठवत होता. पालकांसाठी सावलीत खुर्च्या होत्या. आम्ही दीड तास खुर्च्यांवर बसून फोन बघितले. मी त्या आयोजकांना दोष देत नाही, त्यांनी मेहनत केली होती, पण मला आता ठाम वाटतं की मुलांना निसर्ग दाखवायचा आणि मोठ्यांना खुर्ची द्यायची, ह्यात मूळ गोष्टच निसटते. मूल घरी परततं ते त्या खुर्चीवरच्या माणसाबरोबर. त्याने काही पाहिलेलंच नसेल तर मूल पुढे बोलणार कोणाशी?

बोटॅनिकल गार्डन ही मुळात शिकायचीच जागा आहे हे मला नंतर वाचताना कळलं. इटलीतल्या पिसामधली बाग १५४४ ची, पादुआची १५४५ ची, आणि दोन्ही विद्यापीठांच्या, वैद्यकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या. कारण औषधी झाडपाला म्हणून काहीही विकलं जायचं, आणि पुस्तकातल्या चित्रावरून खरी वनस्पती कुठली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुठली हे ओळखता यायचं नाही, चुकलं तर रोगी दगावायचा. म्हणून जिवंत झाडासमोर उभं राहून शिकायचं. पादुआची बाग आजही त्याच जागेवर आहे आणि तिथे १५८५ मध्ये लावलेलं एक पाम अजून उभं आहे. जर्मन कवी ग्योथे १७८६ मध्ये ते बघून गेला, आणि पामची कोवळी साधी पानं वरवर जाता जाता पंख्यासारखी फाटत कशी जातात हे तिथे बघताना त्याच्या डोक्यात जे सुरू झालं त्यातून पुढे १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावरचं त्याचं पुस्तक आलं. म्हणजे आधीच नाव झालेला, सदतिशीला आलेला एक लेखक परगावच्या बागेत जाऊन पानं बघत बसला होता. मोठ्या माणसांसाठी निसर्गशिक्षण म्हणजे काहीतरी नवीन फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे सांगावंसं वाटतं.

आणि लिनिअस! वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो. स्वीडनमधल्या उप्साला गावी तो उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आणि इतर हौशी लोकांना घेऊन शिवारात चालायला जायचा, कधीकधी शंभराच्या वर माणसं, अंगात सैल कपडे, थांबून थांबून तो सापडलेल्या झाडांबद्दल बोलायचा, आणि संध्याकाळी सगळे ढोल आणि शिंगं वाजवत गावात परत यायचे. मला हे वाचून इतकं छान वाटलं. शिकून आल्यावर वाजतगाजत घरी येणारी माणसं.

मुलांच्या बाबतीत म्हणाल तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये १९१४ पासून मुलांची बाग आहे, मुलं स्वतः पेरतात, स्वतः निगा राखतात, स्वतः काढतात. शंभर वर्षांहून जास्त काळ ते चालू आहे. कशामुळे टिकलं असेल ह्याचा मी विचार करते तेव्हा मला वाटतं की तिथे मूल एकदा येऊन जात नाही, परत परत त्याच वाफ्याकडे येतं. आमच्या ताईचंही हेच आहे. ती दर महिन्याला नवीन झाडांची यादी काढत नाही. तीच वाट, तीच सात-आठ झाडं, फक्त महिना वेगळा. सुरुवातीला मला वाटलं होतं कंटाळा येईल मुलांना. उलट झालं, पोरं आता पुढे पळतात ती "आपला" साग बघायला, पानं आली का, गळली का.

आईबद्दल सांगते. तिची नजर आता अधू झालीये, काचबिंदूमुळे बाजूचं फारसं दिसत नाही, आणि पहिल्यांदा मी तिला नेलं ते घरी एकटी कशाला बसेल म्हणून. ती म्हणाली होती, मला काय दिसणारे तिथे. त्या बागेत एक कोपरा आहे जिथे सगळं हाताने आणि नाकाने ओळखायचं असतं, वाफे कमरेएवढ्या उंचीचे, वाट सपाट, धरायला कठडा. ताईने तिच्या हातात सागाचं पान दिलं, ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत असतं, आणि म्हणाली, काकू, हे कोवळं पान तळहातावर चोळा बरं. आईने चोळलं आणि तळहात लालभडक झाला. सगळी मुलं तिच्याभोवती, "आजी दाखवा, आजी आम्हाला पण." मग निलगिरीचं पान, ते उजेडाकडे धरलं की आत ठिपके ठिपके दिसतात, तेलाच्या बारीक पिशव्या असतात त्या, चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. मुलांनी ठिपके बघितले, आईने वास घेतला. आणि लाजाळू. पान मिटताना आपण सगळे बघत असतो, आईने ते बोटाला लागलेलं सांगितलं, "आधी टोकाची मिटतात, मग आतली, आणि मग सगळा देठच खाली बसतो." आम्ही परत लावून पाहिलं, तसंच होतं. पर्णिकांच्या बुडाशी छोटे फुगीर सांधे असतात, तिथल्या पेशींमधलं पाणी एका बाजूने झटकन निघून जातं म्हणून पान मिटतं, आणि ते पाणी परत भरायला काही मिनिटं लागतात. आई ती मिनिटं बोट तसंच जवळ धरून थांबली होती, पान उघडेपर्यंत.

अमेरिकेतल्या दोन वनस्पती-शिक्षकांनी, वॉन्डरसी आणि शुसलर त्यांची नावं, १९९० च्या दशकाच्या शेवटी एक शब्द काढला, मराठीत म्हणायचं तर वनस्पती-अंधत्व. समोर झाडं असतात पण आपल्याला ती पार्श्वभूमी वाटतात, जंगलाचा फोटो दाखवला की आपण म्हणतो हरीण आहे, झाडांचं नावही काढत नाही. कल्पना अगदी खरी आहे. पण आता बरेच जण म्हणतात की हा शब्द बदलायला हवा, अंधत्व हा शब्द असा दोषासारखा वापरू नये, आणि आईबरोबर त्या कोपऱ्यात उभी राहिल्यावर मला ते पूर्ण पटतं. आमच्या ग्रुपमध्ये झाडांकडे सगळ्यात जास्त लक्ष कोणाचं असेल तर तिचं.

फोनबद्दल एक सांगायलाच हवं. ताई पहिला अर्धा तास फोन बॅगेत ठेवायला लावते. फोटो काढून नाव सांगणारी ॲप्स वाईट नाहीत, मीसुद्धा वापरते, पण नाव आधी आलं की बघणं थांबतं हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवलंय. नाव कळलं की वाटतं झालं. ताईचा नियम असा, आधी तीन गोष्टी तुमच्या शब्दांत सांगा, मगच नाव. एका मुलाने कैलासपतीच्या फुलाला "झोपलेल्या प्राण्याची जीभ" म्हटलं, ते ऐकल्यावर मी त्या फुलाची वाकलेली पाकळी कधी विसरणार नाही.

लेकीमुळे गेले आणि मग मी एकटी पण जायला लागले, मोठ्यांचे वेगळे वर्ग असतात तिथे, शनिवारी दुपारी. पहिला घेतला तो वनस्पतींची चित्रं काढण्याचा. मला चित्र येत नाही, शाळेनंतर पेन्सिल धरली नव्हती. पिंपळाचं पान समोर ठेवलं आणि दोन तास तेच. मी आयुष्यभर पान काढायचं म्हणजे मधे शीर, तिच्यातून दोन्हीकडे फांद्या, आणि त्या फांद्या कडेपर्यंत, असंच काढत आलेय. शिकवणारे सर मागे येऊन थांबले आणि म्हणाले, शीर कडेपर्यंत जातेय का बघा. मी म्हटलं, जातेय ना. म्हणाले, बघा. बघितलं तर जात नव्हती. कडेच्या अगदी जरा आधी ती वळते आणि वरच्या शिरेला जाऊन मिळते, ती पुढच्या शिरेला, अशी कडेला समांतर एक नागमोडी वाट तयार होते पूर्ण पानभर. पिंपळाची पानं मी जन्मापासून बघतेय, पुस्तकात ठेवून त्याची जाळी केलीये, आणि ती कडेची वाट मला दिसली नव्हती. मला त्या दिवशी खरंच डोळ्यात पाणी आलं, का ते नीट सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की ऑफिसात दिवसभर मी ज्या गोष्टी "बघितल्या" म्हणून पुढे पाठवते त्यांच्याबद्दल त्यानंतर मी जरा जपून बोलते.

हर्बेरियमचा वर्गही केला, वाळवलेल्या वनस्पतींचा. झाडाची छोटी फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायची, कागद रोज बदलायचे, पूर्ण सुकली की जाड कागदावर लावायची आणि खाली चिठ्ठी, कुठे मिळाली, कधी, कोणी गोळा केली, फुलाचा रंग काय होता कारण तो सुकल्यावर जातो. ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय लुका गिनीला देतात, पिसाची बाग उभी केली तोच. जगभरच्या हर्बेरियममध्ये मिळून आज जवळपास ४० कोटी असे नमुने आहेत. आणि चिठ्ठीशिवाय त्यातला कुठलाही नमुना म्हणजे नुसता वाळका पाला, हे तिथे मनावर ठसलं. तारीख आणि जागा, एवढ्यानेच त्याला किंमत येते.

तारखांवरून इंग्लंडमधल्या नॉरफोकचा रॉबर्ट मार्शम आठवला. त्याने १७३६ मध्ये नोंदी सुरू केल्या, पहिलं फूल कधी आलं, कुठल्या झाडाला पान कधी फुटलं, बेडूक कधी ओरडले, आणि तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी त्या पुढे चालू ठेवल्या, पिढ्यान् पिढ्या, १९५८ पर्यंत. दोनशे वीस वर्षांहून जास्त. हवामान बदलाचा अभ्यास करणारे आज त्या वह्या वापरतात. त्यातल्या कोणालाही माहीत नव्हतं की आपण हे कशासाठी लिहितोय, फक्त आजोबा लिहायचे म्हणून लिहिलं. आम्ही पण आता एक वही केलीये. त्यात तीन रकाने आहेत, तारीख, काय दिसलं, आणि तिसरा "माहीत नाही". तिसरा रकाना सगळ्यात भरलेला आहे, आणि त्यात माझ्या अक्षरातले प्रश्न लेकीच्या प्रश्नांपेक्षा जास्त आहेत, तिने मोजलेत.

मागच्या महिन्यातला कार्यक्रम बियांचा होता. ताईने विल्यम बील ह्यांच्या बाटल्यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिशिगनमधले हे प्राध्यापक, १८७९ मध्ये त्यांनी वीस बाटल्या पुरल्या, प्रत्येकीत ओलसर वाळूत मिसळलेल्या एकवीस जातींच्या पन्नास पन्नास बिया, बाटल्या तिरक्या, तोंड खाली, म्हणजे आत पाणी साठू नये. बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं हे बघायचं होतं. सुरुवातीला दर पाच वर्षांनी एक बाटली काढायचे, मग दहा केली, आता वीस. २०२१ मध्ये काढली तेव्हा पहाटेच्या अंधारात काढली, बियांना उजेड लागू नये म्हणून, जागेचा नकाशा मोजक्याच लोकांकडे असतो आणि तो पुढच्यांकडे दिला जातो. आणि एकशे एक्केचाळीस वर्षांनी त्यातल्या काही बिया उगवल्या! पुढची बाटली २०४० मध्ये, शेवटची २१०० मध्ये. मुलांनी लगेच बोटांवर हिशोब सुरू केला, २०४० मध्ये मी किती वर्षांचा असेन. मोठ्यांनीही केला, पण मनातल्या मनात, कोणी मोठ्याने बोललं नाही.

घरी येऊन लेकीने हट्टच धरला. पाच छोट्या काचेच्या बाटल्या धुऊन वाळवल्या, वाळू भरली, बागेतून ताईनेच दिलेल्या बिया होत्या, बहावा, शंकासुर, गुंज, लाजाळू, प्रत्येक बाटलीत प्रत्येकीच्या दहा. आईने त्या मोजल्या, बोटांनी चाचपून, एकेक करत, आणि एका बाटलीत गुंज नऊच झालेत म्हणून परत ओतून मोजायला लावल्या. बाल्कनीतल्या सगळ्यात मोठ्या कुंडीत तोंड खाली करून पुरल्या, वहीत नकाशा काढला. लेकीने ठरवलं, दर दोन वर्षांनी एक काढायची, आणि तारखा लिहायला लागली.

आई कुंडीवरची माती हाताने सारखी करत होती. म्हणाली, "दोन वर्षं कशाला गं, पहिली एका वर्षानेच काढा ना."

लेकीने पहिली तारीख खोडली आणि बदलून लिहिली.